शेवटच्या सामन्यावर पाणी सोडणारे खेळाडू

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बातम्यांत एकाच साच्यातले निरोप दिसू लागतात. देवाचे आभार, आईवडिलांचे आभार, प्रशिक्षकांचे आभार आणि चौथ्या ओळीत खरा मुद्दा: मी बाउलचा सामना खेळणार नाही, ड्राफ्टच्या तयारीला लागतोय. बाउल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, आणि ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडून घेणं. बाउल सोडण्याला तिकडे ‘ऑप्ट आउट’ म्हणतात. त्यावर दरवर्षी तोच वाद होतो. एक बाजू म्हणते, पोरांना खेळाचं प्रेम उरलं नाही. दुसरी म्हणते, फुकटात गुडघा कशाला मोडून घ्यायचा? प्रेमाचा प्रश्न बाजूला ठेवून तारखा आणि करार पाहिले, तर बरंचसं कोडं आपोआप सुटतं.

आधी हे स्पष्ट करू, की हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यावरची कवचं आणि अंडाकृती चेंडूवाला अमेरिकी खेळ. विद्यापीठांच्या संघांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. प्रत्येक संघाचे १२ साखळी सामने असतात. त्यांतले किमान ६ जिंकले की संघ ‘बाउल’ला पात्र ठरतो. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, अंतिम सामना होतो आणि मग डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चाळीसच्या आसपास बाउल सामने होतात. यांतला सर्वांत जुना रोज बाउल. त्याची परंपरा १९०२ पर्यंत मागे जाते आणि १९१६ पासून तो दरवर्षी होतो. ऑरेंज, शुगर, कॉटन, फिएस्टा, पीच ही इतर मोठी नावं. थंडीत उबदार राहणाऱ्या शहरांनी पाहुणे खेचण्यासाठी भरवलेला सोहळा, असं बाउलचं मूळ रूप आहे आणि ते अजून फारसं बदललेलं नाही.

नेहमीचा बाउल हा एकटा सामना असतो. जिंकलं तर पुढची फेरी नाही, हरलं तर काही हातचं जात नाही. राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा, म्हणजे प्लेऑफ, वेगळी. ती २०१४ च्या हंगामापासून चार संघांची होती, २०२४ पासून बारा संघांची झाली. प्लेऑफमधून धडधाकट खेळाडू सहसा अंग काढून घेत नाहीत, कारण तिथे विजेतेपद समोर असतं. म्हणजे वाद आहे तो उरलेल्या तीस-पस्तीस सामन्यांचा.

आता दुसरं कॅलेंडर शेजारी ठेवा. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाली की खेळाडू एनएफएलच्या ड्राफ्टला पात्र होतो. कॉलेजची वर्षं शिल्लक असतील, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव द्यावं लागतं. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ भरतं. तिथे सुमारे सव्वातीनशे खेळाडूंना बोलावून त्यांची धाव, उडी, ताकद मोजतात आणि ३२ संघांचे डॉक्टर प्रत्येक सांधा हलवून पाहतात. मार्चमध्ये विद्यापीठांच्या आवारात ‘प्रो डे’ होतात आणि एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट: ३२ संघ, ७ फेऱ्या. बाउलचा सामना पडतो तो खेळाडूची मैदानावरची परीक्षा जवळजवळ संपल्यानंतर आणि पगार सुरू होण्याच्या आधी. अडचणीचं मूळ या एका जागेत आहे.

गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटला, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. सप्टेंबरात तुटला तर पुढच्या हंगामापर्यंत माणूस उभा राहू शकतो. तोच डिसेंबरच्या अखेरीस तुटला, तर कम्बाइन बुडतं, प्रो डे बुडतो, ड्राफ्टच्या दिवशी पोरगा कुबड्यांवर असतो आणि एनएफएलचं पहिलं वर्ष अर्धं किंवा पूर्ण हातचं जातं. दुखापत तीच, पण डिसेंबरात ती सर्वांत महाग पडते.

महाग म्हणजे किती? २०११ च्या कामगार करारापासून एनएफएलमध्ये नवोदितांचा पगार वाटाघाटीत ठरत नाही, निवडीच्या क्रमांकावर ठरतो. २०२४ मध्ये पहिला निवडला गेलेल्या केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलरचा होता. त्याच वर्षी पहिल्या फेरीच्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या जागेला साधारण १ कोटी २० लाख डॉलर मिळाले आणि सातव्या फेरीत कागदावर चार वर्षांचे ४१ लाखांच्या आसपास. कागदावर एवढ्यासाठी म्हटलं, की पहिल्या फेरीतल्या पैशाला पूर्ण हमी असते, तर सातव्या फेरीत हमी फक्त लाखभर डॉलरच्या बोनसची. उरलेलं संघात टिकलात तर.

हा उतार सरळ नाही, आणि इथेच बरेच जण गफलत करतात. वरच्या टोकाला तो कड्यासारखा आहे, खाली माळरानासारखा सपाट. पाचव्या क्रमांकावरून २५ व्यावर घसरलात तर दीड कोटी डॉलरहून जास्त जातात. पाचव्या फेरीत तितक्याच जागा घसरलात तर लाख-दोन लाखांचा फरक. त्यामुळे बाउल सोडण्याचं गणित पहिल्या दोन फेऱ्यांत जाण्याची खात्री असलेल्या मुलांना जसं लागू पडतं, तसं पाचव्या फेरीच्या उमेदवाराला पडत नाही. या दुसऱ्या मुलाकडे गमावण्यासारखं थोडं आणि दाखवण्यासारखं बरंच असतं. चांगल्या प्रतिस्पर्ध्यासमोरचा एक दमदार सामना म्हणजे निवड समित्यांसाठी साठ-सत्तर नव्या चित्रफिती. त्याने खेळावं.

हे सगळं पूर्वीही खरं होतं, मग बाउल सोडण्याची लाट २०१६ च्या डिसेंबरातच का आली? त्याच्या वर्षभर आधीचा एक सामना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. १ जानेवारी २०१६ चा फिएस्टा बाउल, नोत्र दाम विरुद्ध ओहायो स्टेट. नोत्र दामचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला, जेलन स्मिथ ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत जाईल असा अंदाज होता. पहिल्याच सत्रात त्याचा डावा गुडघा नको तसा वाकला. दोन लिगामेंट तुटले, आणि त्याहून वाईट म्हणजे पाऊल वर उचलणारी नस दुखावली. लिगामेंट शिवता येतो. नस कधी जागी होईल, होईल की नाही, हे कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकत नव्हता. डॅलस काउबॉइजने त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतलं. करार साधारण ६५ लाख डॉलरचा. पहिल्या पाचांत गेला असता तर २ कोटी ३० लाखांच्या पुढे. २०१६ चा पूर्ण हंगाम तो बाहेर बसला. नस पुढे सावरली, तो खेळला, मोठा करारही त्याला मिळाला; पण एका सामन्याची किंमत किती असू शकते याचा आकडा आता सगळ्यांना माहीत झाला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, लिओनार्ड फोर्नेटने सिट्रस बाउल आणि स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मॅकॅफ्रीने सन बाउल सोडला. दोघेही रनिंग बॅक, म्हणजे दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा अंगावर धडका घेणारे. टीका भरपूर झाली. एप्रिल २०१७ मध्ये फोर्नेट चौथा निवडला गेला, मॅकॅफ्री आठवा. बाउल सोडला म्हणून एनएफएलचे संघ भाव पाडतील ही भीती तिथेच संपली. उलट त्याच मोसमातल्या ऑरेंज बाउलमध्ये, ३० डिसेंबर २०१६ ला, मिशिगनचा टाइट एंड जेक बट खेळला, त्याचा एसीएल तुटला आणि तो पाचव्या फेरीत, १४५ व्या क्रमांकावर घसरला. शेजारी शेजारी ठेवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरणं मिळणं कठीण.

“पण विमा असतो ना?” हा प्रश्न इथे हमखास येतो. असतो. मात्र तो काय भरून देतो हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

विमे दोन प्रकारचे. पहिला कायमच्या अपंगत्वाचा. खेळाडू पुन्हा कधीच खेळू शकणार नाही असं ठरलं तरच पैसे; वर्षभराने परतलात तर काही नाही. कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएची अशी योजना १९९० पासून आहे. दुसरा विमा ‘लॉस ऑफ व्हॅल्यू’, म्हणजे भाव घसरल्याचा. तो पहिल्या विम्याला जोडून मिळतो. दर १० लाख डॉलरच्या संरक्षणामागे हप्ता साधारण ८ ते १० हजार डॉलर धरा, भाव घसरण्याचा भाग वेगळा. बऱ्याचदा विद्यापीठ विद्यार्थी-साहाय्य निधीतून हप्ता भरतं.

गोम अटींत असते. पहिली अट उंबरठ्याची. समजा, विमा काढताना तुमचा अपेक्षित करार २ कोटी डॉलरचा धरला आणि पॉलिसीत उंबरठा ६० टक्क्यांचा आहे. मग प्रत्यक्ष करार १ कोटी २० लाखांच्या खाली गेला तरच दावा उभा राहतो. १ कोटी ४० लाख मिळाले, तर ६० लाखांचं नुकसान तुमच्या खिशातून. दुसरी अट: जुन्या दुखापती वगळल्या जातात. ज्या गुडघ्याची सर्वांत जास्त काळजी, नेमका तोच बहुधा संरक्षणाबाहेर. तिसरी: घसरण दुखापतीमुळेच झाली हे सिद्ध करावं लागतं. त्या वर्षी त्याच जागेचे चांगले खेळाडू जास्त होते, याची धाव कमी पडली, अशी कारणं कंपनी पुढे करू शकते. आणि चौथी, सर्वांत घातक: अर्जात वैद्यकीय इतिहास अर्धवट सांगितला तर पूर्ण दावा अडकतो. यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) मार्कीस ली २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत गेला तेव्हा विमादारांनी नेमक्या अशाच मुद्द्यावर पैसे नाकारले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

पैसे मिळालेले लोकही आहेत. ओरेगनचा कॉर्नरबॅक इफो एक्प्रे-ओलोमू याला ३० लाख डॉलरची पॉलिसी कामी आली. तो पहिल्या फेरीच्या अंदाजावरून थेट सातव्या फेरीत घसरला होता. त्याचा गुडघा मात्र सामन्यात नव्हे, डिसेंबर २०१४ च्या सरावात गेला. बाउल खेळायचा म्हणजे त्याआधीचे पंधरा-एक सराव आलेच, आणि धोका तिथेही असतो. जेलन स्मिथला विम्यातून साधारण ९ लाख डॉलर मिळाले, असं तेव्हा छापून आलं होतं. ते वरच्या दीड कोटीहून मोठ्या खड्ड्याशी ताडून पाहा.

निर्णय घेताना खेळाडू काय काय करतो, तेही पाहू. कॉलेजची वर्षं शिल्लक असलेला मुलगा एनएफएलच्या सल्लागार समितीकडून अंदाज मागवू शकतो. उत्तर तीनच प्रकारचं येतं: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा कॉलेजात राहा. ‘राहा’ असं उत्तर आलेल्याने बाउल सोडून ड्राफ्टला नाव देणं म्हणजे बहुतेक वेळा मित्रांच्या आणि होऊ घातलेल्या एजंटच्या बोलण्याला भुलणं. मग एजंट. खेळाडू संघटनेची मान्यता असलेलाच निवडायचा. त्याचं कमिशन करारातल्या रकमेच्या जास्तीत जास्त ३ टक्के. त्याच्याशी करारावर सही झाली की कॉलेज खेळण्याची पात्रता संपते, म्हणून हे पाऊल परत घेता येत नाही. सहीनंतर पहिल्या फळीतल्या खेळाडूचा तयारीचा खर्च सहसा एजंट उचलतो: फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियातलं प्रशिक्षण केंद्र, राहणं, आहारतज्ज्ञ. तिथे आठ-दहा आठवडे ४० यार्डांची धाव, उभी उडी आणि १०२ किलोचा बार किती वेळा उचलता येतो याचीच घोटाई चालते. बाउल खेळणाऱ्याचे यांतले तीन-चार आठवडे कमी होतात. दुखत असलेला घोटा बरा करायला वेळ मिळतो, हा फायदा बातम्यांत येत नाही, पण अनेकांच्या निर्णयात तोच वजनदार असतो.

आणि हो, प्रशिक्षकांना आधी सांगायचं, समाजमाध्यमावर नंतर. ड्राफ्टच्या मुलाखतींत संघ विचारतात ते “का सोडला” यापेक्षा “कसा सोडला”.

बाउल सोडला म्हणजे शरीर तिजोरीत ठेवलं असं नाही. मिशिगनचा डेव्हिड ओजाबो मार्च २०२२ मध्ये प्रो डेच्या कवायतीत, समोर एकही प्रतिस्पर्धी नसताना, टाचेमागची अकिलीस शीर तोडून बसला आणि पहिल्या फेरीतून ४५ व्या क्रमांकावर गेला. उलट टोकाला अलाबामाचे ब्राइस यंग आणि विल अँडरसन. संघ प्लेऑफला मुकला असूनही दोघे ३१ डिसेंबर २०२२ चा शुगर बाउल खेळले, कॅन्सस स्टेटला ४५–२० हरवलं, आणि चार महिन्यांनी पहिल्या व तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. साधारण एक वर्ष आधी त्याच शुगर बाउलमध्ये ओल मिसच्या, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाच्या, मॅट कोरलचा घोटा गेला होता आणि हा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून पास फेकणारा, पुढे तिसऱ्या फेरीत, ९४ व्या क्रमांकावर उतरला. त्याची घसरण फक्त घोट्यामुळे झाली असं म्हणता येणार नाही. क्वार्टरबॅकचे भाव इतर कारणांनीही हलतात.

मागे राहिलेल्या संघाचं काय होतं? कधी सोनं होतं. १ जानेवारी २०२२ च्या रोज बाउलमध्ये ओहायो स्टेटचे दोन तारांकित वाइड रिसीव्हर, गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे, खेळले नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत जॅक्सन स्मिथ-एनजिग्बाने एका सामन्यात ३४७ यार्ड काढले आणि संघ युटाविरुद्ध ४८–४५ जिंकला. डिसेंबर २०२३ च्या हॉलिडे बाउलला यूएससीचा केलेब विल्यम्स नव्हता. त्याच्या जागी आलेल्या मिलर मॉसने सहा टचडाउन पास टाकले. प्रशिक्षकांना बाउल हवा असतो तो याचसाठी. ते पंधरा जादा सराव म्हणजे पुढच्या वर्षीच्या संघाची आगाऊ शिकवणी.

आणि कधी माती होते. १३ पैकी १३ सामने जिंकूनही प्लेऑफमधून वगळला गेलेला फ्लोरिडा स्टेट ३० डिसेंबर २०२३ ला ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियासमोर उभा राहिला, तेव्हा त्याचे दोन डझनांहून जास्त खेळाडू गैरहजर होते. निकाल ६३–३. बाउलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फरक.

पण त्या दोन डझनांत ड्राफ्टवाले सगळे नव्हते, आणि सध्याच्या चर्चेत हीच बाजू सर्वांत कमी बोलली जाते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, म्हणजे ट्रान्स्फर पोर्टल, २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून पहिल्या बदलीला वर्षभर बाहेर बसण्याची शिक्षा उरली नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभाही मिळाली. बदलीची खिडकी उघडायची ती नेमकी डिसेंबरात. ड्राफ्टच्या नावाखाली एका संघातले चार-पाच जण जातात, पोर्टलमधून पंधरा-वीस. डिसेंबर २०२३ च्या कॉटन बाउलमध्ये ओहायो स्टेटला दोन्ही झळा एकदम बसल्या: मार्विन हॅरिसन ज्युनियर ड्राफ्टसाठी बाहेर, क्वार्टरबॅक काइल मॅकॉर्ड दुसऱ्या विद्यापीठाच्या वाटेवर. मिझुरीने १४–३ हरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मार्शलचे प्रशिक्षक गेले, त्यांच्यामागून इतके खेळाडू पोर्टलमध्ये शिरले की संघाने इंडिपेंडन्स बाउलच सोडून दिला.

प्रशिक्षकांचा विषय निघालाच आहे तर: नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला गेले तेव्हा त्यांचा संघ अजून प्लेऑफच्या शर्यतीत होता. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस लेन किफिन यांनी प्लेऑफला निघालेला ओल मिस सोडून तीच एलएसयूची वाट धरली. या दोघांना मोठे करार मिळाले. बाउल खेळणाऱ्या मुलाला आयोजकांकडून नियमाने मिळू शकते ती जास्तीत जास्त ५५० डॉलरची भेटवस्तू.

आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पैसे देणारा करार आला, की त्यात बाउल खेळण्याची अट घालण्याची वाटही मोकळी झाली. मात्र पहिल्या पाचांत जाणाऱ्याला अशा अटीपोटी किती रक्कम कापली तर तो थांबेल, हे वरच्या आकड्यांवरून तुम्हीच काढून पाहा. दुसरं, पोर्टलची खिडकी डिसेंबरातून उचलून २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी अशी ठेवण्यात आली, म्हणजे बहुतेक बाउल उरकल्यावर. ड्राफ्टच्या तारखा मात्र जिथल्या तिथे आहेत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, प्लेऑफची यादी जाहीर झाली त्याच दिवशी, त्यातून वगळलेल्या नोत्र दामने संपूर्ण संघानिशी कळवलं, की आम्ही या वर्षी कोणताच बाउल खेळणार नाही.